मन स्थिर होत नाही म्हणून प्रार्थना सोडू नकोस

भाऊ, प्रार्थनेला बसलं की मन सोयाबीनच्या भावाकडं आणि सोसायटीच्या कर्जाकडं पळतं म्हणालास. पळू दे. तेच देवापुढं मांड, हप्त्याच्या तारखेसकट.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र आधी घे. जेमतेम सहा वचनं. त्यात दावीद राजा ‘कोठवर?’ असं देवाला चारदा विचारतो आणि शेवटी गाऊ लागतो. 88वं मात्र अंधारातच संपतं. तरी तेही शास्त्रात आहे, आणि मला त्याचाच जास्त आधार वाटतो. मनात नसलेली शांती दाखवायची गरज नाही.

मग बायबलमधल्याच फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय, वचन 6 आणि 7. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलानं हे कैदेतून लिहिलंय. चिंता करू नका म्हणताना तो आभार मानायलाही सांगतो, आणि आपण नेमकं तेवढंच विसरतो. पहाटे मोटार चालू करायला जातोस ना, तेव्हा बांधावर ही वचनं मोठ्यानं म्हण.

रविवारची उपासना चुकवू नकोस. एकट्यानं विश्वास टिकवणं फार जड जातं. झोपच उडाली असेल तर पाळकसाहेबांना सांग आणि डॉक्टरलाही दाखव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. औषध घेतल्यानं विश्वास उणा होत नाही.