आधी गिऱ्हाईक, मग माल

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पाठवलेली तुझी यादी वाचली. अकरा धंदे, आणि खाली एक ओळ: "काकू, माझ्याकडे पाच हजार आहेत, यातला कुठला करू?" उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे पत्र. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान चालवून मला वीसेक वर्षं झाली, तेवढाच माझा अधिकार.

तुझ्या यादीत अकराही ठिकाणी काय विकत आणायचं ते लिहिलंयस. टी-शर्ट आणायचे, कंदील आणायचे, मेणबत्त्यांचे साचे आणायचे. घेणार कोण, ते मात्र कुठेच नाही. पाच हजारांचा माल कुणीही आणेल गं. तो पलंगाखाली पडून राहिला की होस्टेलच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही, एवढंच होतं.

काही वर्षांपूर्वी बीडकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. सबमिशनचा आठवडा कसा असतो ते तुला माहीत आहे. रात्री एकला फाइल पुरी होते, सकाळी दहाला सरांच्या टेबलावर हवी असते, आणि माझं शटर साडेनऊलाच खाली आलेलं असतं. हा मुलगा रात्री मजल्यावरच्या पोरांकडून पीडीएफ गोळा करायचा. फोनवर पैसे आल्याशिवाय फाइल घ्यायचा नाही. नावाप्रमाणे फोल्डर, कुणाला एका बाजूने, कुणाला दोन्ही बाजूंनी, स्पायरल की साधी पिन, सगळं एका कागदावर लिहून सकाळी सातला माझ्या दारात. त्याच्यासाठी मी लवकर उघडायचे. सुट्या गिऱ्हाइकाला पान २ रुपये, त्याला १ रुपया २० पैसे. एका दमात हजार पानं मिळायची आणि "काकू, माझं आधी" म्हणणारे तीस जण काउंटरवर नसायचे, मला ते परवडायचं. तो पोरांकडून दोनच घ्यायचा. हजार पानांमागे ८०० रुपये, तेही पहिल्या लेक्चरच्या आधी.

त्याने माझ्याकडे कधी भांडवल मागितलं नाही, फक्त दर मागितला. आणि माझ्या दुकानात "आज रोख, उद्या उधार"ची पाटी असूनही दुसऱ्या सत्रापासून त्याचा हिशेब मी आठवड्याने घ्यायला लागले. पाटी खोटी नाही. ती अनोळखी माणसासाठी आहे.

लिज्जतची गोष्ट सांगताना सगळे १९५९ सालचे ते उसने ८० रुपये सांगतात. गिरगावातल्या त्या सात बायकांनी आधी पापडाची चारच पाकिटं केली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ८० रुपयांपेक्षा तो ओळखीचा व्यापारी जास्त महत्त्वाचा वाटतो.

तुझी शाखा इलेक्ट्रॉनिक्स. मिनी प्रोजेक्टच्या वेळी तुमच्या वर्गातले सगळे वेगवेगळे पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जातात. एकाला सेन्सर हवा, दुसऱ्याला जंपर वायर, तिसऱ्याचा बोर्ड जळलेला. प्रत्येकाची अर्धी दुपार बुधवार पेठेत जाते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही ती वेगळीच. वीस जणांची यादी आणि पैसे घेऊन तू एकटी गेलीस तर? फेरीचे प्रत्येकी तीस-चाळीस रुपये कुणीही आनंदाने देईल, आणि एकाच वस्तूचे पंधरा नग घेतेस म्हटल्यावर दुकानदारही दर उतरवतो. फक्त दोन गोष्टी पाळ. वस्तू दुकानातच तपासून घे आणि बिल घे. एकदा जोडलेली वस्तू सहसा कुणी परत घेत नाही, आणि मग "तूच खराब आणलास"वरून मैत्री तुटते. हे वीस जणांना आधीच सांगायचं, नंतर नाही.

आता तुझे पाच हजार कुठे घालायचे ते सांगते. पहिल्या वर्षाला ड्राफ्टर लागतो, तोच, ड्रॉइंग बोर्डाला अडकवून रेषा आखायचा. तो नवा घ्यायला साधारण पाचशे रुपये पडतात, आणि एका सत्रानंतर कपाटावर धूळ खातो. मे महिन्यात होस्टेल रिकामं होताना मुलं ते शे-दीडशेला देऊन टाकतात, कधी तिथेच सोडून जातात. नवी पोरं पावसाळ्यात येतात. मधल्या दोन-तीन महिन्यांत माल ठेवायला जागा लागते, बाकी काही नाही.

वहीत मांडून बघ. ३० ड्राफ्टर, दीडशेने, म्हणजे ४,५०० रुपये. त्यातले पाच तरी मोडके निघणार. ते खोलून त्यांचे स्क्रू आणि पट्ट्या बाकीच्यांना वापरायच्या. उरले २५. पुसून, स्क्रू आवळून २८० ला विकलेस तर ७,००० येतात. रिक्षा आणि किरकोळ २०० सोड. हातात २,३०० राहिले. छान! आता तास मोज. गोळा करणं, साफ करणं, "दोनशेला देता का" म्हणणाऱ्यांशी घासाघीस करणं, यात ४० तास सहज जातात. ताशी ५७-५८ रुपये. हा आकडा बघून तुझा उत्साह मावळला तर मावळू दे, पण वेळ फुकट धरून नफा काढू नकोस. पुढच्या वर्षी तेच काम २५ तासांत होईल, कारण कुठले ड्राफ्टर घ्यायचेच नाहीत ते बोटांना कळलेलं असेल. गादी, टेबल आणि सायकलचंही गणित असंच आहे, पण त्यांना जागा फार लागते. ते आत्ता नको.

विकत घेण्याआधी अभ्यासक्रम मात्र बघ. हे मी स्वतःच्या खिशातून शिकले. २०१९ च्या मे महिन्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची जुनी पुस्तकं मी पोत्याने घेतली. स्वस्त मिळत होती. का स्वस्त मिळतायत हा प्रश्न मला पडला नाही. पुणे विद्यापीठाचा २०१५ चा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम, जाऊन २०१९ चा आला, आणि माझी दोन पोती रद्दीच्या भावाने गेली. काउंटरवर दिवसभर विद्यार्थीच उभे असायचे, एकालाही विचारलं नाही मी. त्यामुळे यंदा किती शीट हाताने काढायच्या आणि किती कॉम्प्युटरवर, ते ग्राफिक्सच्या सरांना विचारून मगच ड्राफ्टरला हात लाव.

तुझ्या यादीतलं बाकीचं थोडक्यात. डिपार्टमेंटचे टी-शर्ट: पूर्ण पैसे आगाऊ, आणि ज्याचा साइज त्यानेच स्वतःच्या हाताने लिहायचा. दिवाळीचे कंदील: लक्ष्मीपूजनानंतर त्यांना कुणी विचारत नाही, तेव्हा ऑर्डर घेऊनच कर. फुटपाथवर मांडणार असशील तर पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्याचं प्रमाणपत्र लागतं. नाहीतर अतिक्रमणवाल्यांची गाडी टेबलासकट माल उचलते. सोसायटीच्या आवारात परवानगी घेऊन टेबल टाकणं बरं. फराळ किंवा डबा करायचा तर घरगुती असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी लागते. छोट्या धंद्याला ती महाग नाही, टाळू नकोस. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची, नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पाचशे-हजार मागणाऱ्या एजंटला हात जोड. जीएसटीचं म्हणशील तर राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेल्याशिवाय नोंदणीची सक्ती नसते. तिथवर पोचलीस की पेढे घेऊन ये, मग बोलू.

यादीतला सातवा, "असाइनमेंट लिहून देणे", मी पेनाने खोडलाय. पैसे मिळतात, मला माहीत आहे, त्या जाहिराती माझ्याच काउंटरवर छापायला येतात. मी छापत नाही. आणि तुझ्या यादीत नसलेला, पण होस्टेलवर तुला कुणीतरी नक्की सांगेल असा एक आहे: "तुझं बँक खातं फक्त वापरायला दे, महिन्याला कमिशन." त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. तसंच आधी स्वतः पैसे भरून मग खाली माणसं जोडायला सांगणाऱ्या साखळ्या. हॉलमधली भाषणं ऐकून टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण खिशाला हात लावू नकोस.

उधारीचं तुझं तुला ठरवावं लागेल. रूममेटला नाही म्हणणं अवघड असतं. माझ्याकडच्या त्या मुलाने उपाय काढला होता. हिशेबाची वही तो मित्राकडे ठेवायचा आणि म्हणायचा, "मी देईन रे, पण वही त्याच्याकडे आहे." खोटं होतं, पण चाललं. तू निदान धंद्याचं खातं वेगळं ठेव. मेसचे पैसे आणि ड्राफ्टरचे पैसे एकाच खात्यात राहिले की महिनाअखेरीला दोन्ही जातात.

आत्ता पाच हजार खात्यातच राहू देत. पुढच्या आठवड्यात तुमची सबमिशन आहेत. तुझ्या मजल्यावरच्या किती मुलींना छपाई हवी आहे त्याची यादी करून रविवारी संध्याकाळी दुकानात ये, दर तेव्हाच ठरवू. कागद महागलाय, त्यामुळे १ रुपया २० पैशांची आशा धरू नकोस.

आणि हो, माझ्या लेकीचा ड्राफ्टर माळ्यावर पडलाय. क्लॅम्प थोडा ढिला आहे. दीडशे रुपये. ओळखीत फुकट मागू नकोस.

तुझी,
झेरॉक्सवाली काकू