फोटो पाहून काढलेल्या चित्रात 'तो' माणूस का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर फोटोवरून पेन्सिलीने चेहरे काढताय, फोटोवर आणि कागदावर चौकटी आखून काढता, डोळे-ओठ सुटे पाहिले तर छान जमतात, पण पूर्ण चित्रात माणूस ओळखू येत नाही आणि शेडिंग करूनही चेहरा सपाट राहतो. मग पुढचा सराव कशाचा करायचा?

सुटे अवयव छान येतात, यातच गोम आहे. ओळखीचा माणूस आपण पन्नास पावलांवरूनही ओळखतो, तेव्हा त्याच्या पापण्या कुठे दिसतात? दिसतं ते डोक्याचं माप, मानेचा कल आणि डोळ्यांच्या खोबणीतली, नाकाखालची, हनुवटीखालची सावली. नवशिका मात्र डोळ्याच्या बाहुलीतली चमक आणायला तासभर घालवतो आणि कपाळ किती उंच हे एका नजरेत उरकतो.

आधी फोटो तपासा. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण १०-१२ सेंटिमीटर पुढे असतो. सेल्फी ४०-५० सेंटिमीटरवरून काढली, तर तेवढ्या फरकानेही नाक फुगतं आणि कान आक्रसतात. दीड-दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत हा दोष जवळजवळ जाणवत नाही. समोरून फ्लॅश पडला असेल किंवा त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर असेल, तर तो फोटो बाजूला ठेवा. त्यात सावल्याच उरलेल्या नसतात, मग शेडिंग कशाचं करणार? एका बाजूच्या खिडकीतून उजेड आलेला फोटो घ्या. तुमच्या सपाट चेहऱ्यांचं निम्मं कारण इथेच निघेल असं मला वाटतं.

चौकटी आखणं म्हणजे फसवणूक, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. जाळीच्या पडद्यातून पाहत चित्र काढणारा माणूस जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १६व्या शतकातच आपल्या चित्रात दाखवला आहे. चौकटींचा तोटा वेगळाच आहे. प्रत्येक घरातली रेघ बरोबर उतरते, पण संपूर्ण डोकं डोळ्यांना कधी दिसतच नाही. म्हणून चौकटी एकदम सोडू नका, विरळ करत न्या. फोटोवर १ सेंटिमीटरची आणि कागदावर २ सेंटिमीटरची घरं वापरत असाल, तर पुढची चार-पाच चित्रं दुप्पट मोठ्या घरांत काढा. नंतर फक्त एक उभी आणि एक आडवी मध्यरेषा ठेवा. शेवटी डोक्याचा माथा, डोळ्यांची रेषा, नाकाचा तळ, ओठांची फट आणि हनुवटी एवढ्या पाच खुणांवर या. या खुणा एच (कडक, फिकट उमटणाऱ्या) पेन्सिलीने हलक्या करा, दाबून केलेली रेघ कागदात खाच पाडते आणि खोडल्यावरही शेडिंगमध्ये पांढरी उठते.

सरासरी मापं तुम्हाला माहीत असतील: डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा, भुवईपासून नाकाच्या तळापर्यंतचं अंतर तिथून हनुवटीपर्यंतच्या अंतराएवढं. ती पाठ असू द्या, पण चित्रात ओतू नका. त्यांचा उपयोग तुलनेपुरता. समोरच्या फोटोत नाक ते हनुवटी अंतर जास्त आहे का? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली उभी रेषा टाकली, तर ती नाकपुडीच्या कडेला लागते की आत जाते? हा चेहरा सरासरीपासून जिथे ढळतो, तिथेच तो माणूस सापडतो. आणि तेच नेमकं आपला हात नकळत 'सरळ' करून टाकतो: तिरकी जिवणी आडवी होते, झुकलेली मान ताठ होते, पाऊण बाजूने वळलेल्या चेहऱ्यातला पलीकडचा डोळा अलीकडच्याएवढा रुंद होतो.

जाता जाता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. कागद टेबलावर आडवा ठेवून काढत असाल, तर वरचा भाग डोळ्यांना आखडलेला दिसतो आणि हात तो ताणून काढतो. चित्र उभं केलं की कपाळ लांबलेलं. फळी उतरती ठेवा आणि फोटो तिच्या शेजारी, त्याच कोनात.

आता छटा. अवयवांच्या कडा गडद रेघेने बांधायच्या आणि आत करडं घासायचं, ही सवय मोडायला हवी. डोळे बारीक करून फोटो पाहा म्हणजे तपशील विरतील आणि उजेड व सावली असे दोनच भाग उरतील. सावलीची हद्द आधी हलकी आखा आणि आतला सगळा भाग, मग त्यात डोळा येवो की गाल, एकाच एचबीच्या थराने भरा. साम्य इथेच दिसू लागलं पाहिजे. नाही दिसलं तर पुढे जाऊ नका, आकार दुरुस्त करा. मग त्याहून मऊ आणि गडद २बी आणि ४बी. ६बी फक्त सर्वांत काळ्या जागांसाठी: नाकपुडी, ओठांची फट, वरच्या पापणीची कड, केसांतल्या खाचा.

डोळ्याचा पांढरा भाग कोरा सोडणं ही जवळजवळ प्रत्येकाची चूक. पांढऱ्या कार्डाला पाचेक मिलिमीटरचं भोक पाडून ते फोटोवर ठेवा. सुटी पाहिली की ती जागा चक्क करडी निघते, कारण वरच्या पापणीची सावली तिच्यावर पडलेली असते. दातांचंही तसंच. दातांमधल्या फटी रेघांनी काढल्या की कंगवा दिसतो, म्हणून फक्त हिरड्यांकडचे आणि कोपऱ्यांतले आकार काढा. बोटाने घासू नका. त्वचेचं तेल कागदाला लागतं आणि त्या डागावर पुढचे थर सारखे बसत नाहीत.

सरावाची वाटणी मी अशी ठेवेन: आठवड्याला २० मिनिटांची पाच रेखाटनं, त्यांत फक्त ठेवण आणि सावलीचे आकार, पापण्या-केस अजिबात नाहीत. एकच फोटो तीनदा काढायलाही हरकत नाही. सहा-आठ तासांचं पूर्ण चित्र महिन्यातून एक पुरे. प्रत्येक रेखाटन संपल्यावर (आधी नाही!) चित्राच्या मापाच्या प्रिंटवरून ट्रेसिंग पेपरवर मुख्य रेषा उतरवा आणि तो कागद चित्रावर ठेवा. चूक कुठे आणि कुठल्या दिशेला, ते तारखेसह लिहा: 'डावा डोळा ३ मिलिमीटर वर', 'माथा कापला'. दहाएक नोंदी झाल्या की त्याच दोन-तीन चुका पुन्हा पुन्हा येताना दिसतील. पुढच्या रेखाटनात पहिली पाच मिनिटं त्याच जागा मोजण्यात घाला.