येळवशीला घरी जाताना

लातूर,
15 डिसेंबर 2024

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. 25 डिसेंबरपासून 1 जानेवारीपर्यंत तुला सुट्टी आहे, मित्र समुद्रकिनारी जाण्याचा आग्रह धरून बसले आहेत, आईला मात्र तू घरी यावेस असे वाटते, आणि घरी गेलास की तिसऱ्या दिवसापासून वेळ जाता जात नाही, असे तू लिहिले आहेस. आठ दिवस घरी बसून करायचे काय, हा प्रश्न तू फार संकोचाने विचारला आहेस. तो तू मनात दाबून न ठेवता मला विचारलास, याचा मला आनंद वाटला.

घरी जा, एवढे तर तुझा जुना शिक्षक म्हणून मी सांगणारच. पण या वेळी पाहुणा होऊन राहू नकोस. दिवाळीत मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तू ओसरीवर खुर्ची टाकून बसला होतास. आई चहाचा कप हातात आणून देत होती, आणि तू वैरण टाकायला उठलास तर वडील म्हणाले, "राहू दे, इतक्या लांबून दमून आलायस." त्यांच्या बोलण्यात माया होती, हे तुलाही कळते आणि मलाही कळते; परंतु त्या मायेपोटीच तुला घरातल्या प्रत्येक कामातून बाजूला ठेवले जात होते. शेतकऱ्याच्या घरी सुख वेगळ्या ताटात वाढलेले नसते, ते कामातच कालवलेले असते, आणि ज्याला कामाला हात लावू दिला जात नाही त्याच्या वाट्याला फक्त बसून राहणे येते. तुझा वेळ जात नाही, याचे कारण मला तरी हेच दिसते.

म्हणून पहिल्याच सकाळी आईबरोबर ऊठ. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे पहाटेचे तापमान कधी कधी 10 अंशांच्या आसपास उतरते आणि अंथरुणातून पाय बाहेर काढवत नाही, हे मी जाणतो. तरीही ऊठ आणि चूल तू पेटव. तुमच्या घरी गॅस आहे, पण हिवाळ्यात आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजूनही परसातल्या चुलीवरच होतात. तुराट्या लवकर पेट घेतात आणि तितक्याच लवकर त्यांची राख होते, म्हणून त्यांच्या जोडीला बाभळीचे एखादे जाड लाकूड लागते. ते आत केव्हा सरकवायचे आणि फुंकणी केव्हा हातात घ्यायची, हे दोन-तीन सकाळींत आपोआप उमगते. चुलीपुढे बसले की तोंडाला धग आणि पाठीला गारवा लागतो. त्या वेळी आई जे बोलते ते दिवसभरात पुन्हा कधी बोलत नाही, म्हणून मधे न बोलता ऐकत जा.

जाळ लागला की एक भाकरी तू थाप. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे ते नुसत्या गार पाण्यात मळले तर भाकरीच्या कडा फाटतात. आई कढत पाणी घेते ते याचसाठी, कारण त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि पिठाला चिकी येते. हे मी तुम्हाला आठवीत शिकवले होते, पण फळ्यावर शिकवणे वेगळे आणि काठवटीत तळव्याखाली ते पीठ पसरताना अनुभवणे वेगळे. तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की ती उलटायची, आणि दुसरे अंग भाजले की तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांपुढे उभी करायची. आधी मध्यभागी एक लहानसा फोड येतो, तो हळूहळू कडेकडे सरकतो, आणि मग एकाएकी सगळा पापुद्रा उचलला जातो. तुझ्या पहिल्या भाकरीला बहुधा चीर पडेल, वाफ तिथूनच निघून जाईल आणि ती फुगणार नाही. ती भाकरी तूच खा, शेंगदाण्याची चटणी आणि तेल घेऊन, तिथेच पाटावर बसून. मी साठी ओलांडली आहे, मोठ्या शहरांत चांगली जेवणे जेवलो आहे, तरी त्या जागी खाल्लेल्या गरम भाकरीसारखे दुसरे काही मला आठवत नाही.

वडिलांबरोबरही एक रात्र काढ. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री असते, आणि त्या दिवसांत गव्हाला पाणी द्यायचे तर रात्रभर दारे धरावी लागतात, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवत जागावे लागते. या कामाला मी सुखाचे गोंडस नाव देणार नाही. थंडी असते, चिखल असतो, अंधारात सापविंचवाचे भय असते, आणि तुझे वडील हे काम वयाच्या पन्नाशीनंतरही एकटेच करीत आहेत. पण तू सोबत गेलास तर त्याच रात्रीचे रूप पालटते. पायात गमबूट घाल, हातात बॅटरी आणि खोरे घे, आणि एक वाफा भरला की दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडायचे काम तू कर. विहिरीतून आलेल्या पाण्यात हात घातलास तर ते कोमट लागेल. जमिनीच्या पोटातले पाणी बाहेरच्या हवेइतके गार होत नाही, म्हणून पाटावर पातळ वाफ तरंगताना दिसते. वाफा भरेपर्यंत दोघांनी बांधावर शेकोटीपाशी बसायचे. बाप-लेकाच्या बोलण्याला अशी जागा सहसा मिळत नाही, कारण समोरासमोर बसले की दोघेही गप्प होतात. शेकोटीकडे पाहत आणि पाण्याच्या आवाजावर कान ठेवून मात्र पुष्कळ बोलता येते. कर्जाचे, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे, तुझ्या नोकरीतल्या अडचणींचे बोलणे तिथे काढ. माझ्या वडिलांशी मी जे काही मनातले बोललो, ते सगळे दारे धरतानाच बोललो.

सकाळी परत येताना हरभऱ्याच्या रानातून ये. दवाने ओली झालेली पाने बोटाने चाचपून ते बोट जिभेला लाव, आंबट लागेल. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. पूर्वी आमच्या घरी आजी रात्री त्या पिकावर स्वच्छ धोतर पसरून ठेवायची आणि पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरायची. पोट दुखले की तिचे दोन थेंब पाण्यातून मिळत. पँटीचे पाय भिजले तर भिजू देत. ज्वारीचे एखादे कणीस हुरड्याला आले असेल तर आगटी पेटवायला सायंकाळपर्यंत थांबू नका, हुरडा ताजाच खावा. आजकाल हुरड्याची पैसे भरून मेजवानी होते, आणि त्यात वाईट काही नाही, कारण त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. तुमच्या रानात मात्र तो वडिलांच्या खरखरीत तळव्यांवर चोळला जाईल आणि फुंकर मारून तुझ्या ओंजळीत पडेल.

आता येळवशीविषयी, म्हणजे वेळ अमावास्येविषयी लिहितो, कारण हे पत्र मी मुख्यतः त्यासाठीच लिहायला घेतले. यंदा मार्गशीर्षातली ही अमावास्या सोमवारी, 30 डिसेंबरला आहे, म्हणजे नेमकी तुझ्या सुट्टीत. मित्रांना वेळ अमावास्या म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर त्यांना सांग की लातूर, धाराशिव आणि सोलापूरकडचा काही भाग, तसेच शेजारचे बिदर आणि कलबुर्गी, या पट्ट्यात त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रानं भरतात. कानडीत हिला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. एळ्ळू म्हणजे तीळ. आपली येळवस त्या शब्दाची बहीणच आहे.

सणाचा दिवस तू लहानपणापासून पाहिला आहेस. कडब्याच्या पेंड्यांची कोप म्हणजे खोपी, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगडांचे पांडव, पिकाभोवती फिरून नैवेद्य शिंपडणे, आंबिलाचा माठ, आणि मग ओळखीच्या-अनोळखी प्रत्येक वाटसरूला हाताला धरून जेवायला बसवणे. या दिवसाबद्दल मी तुला नवीन काही सांगू शकत नाही. आदल्या रात्रीबद्दल मात्र सांगायचे आहे, कारण ती तू आजवर झोपून काढली आहेस.

त्या रात्री तुझी आई झोपत नाही. भज्जी या मिश्र भाजीसाठी तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणे आणि वालाच्या शेंगा सोलायच्या असतात. मेथी, चुका आणि कांद्याची पात निवडायची असते. चिंच भिजवायची, डाळीचे पीठ कालवायचे, बाजरीचे उंडे वळायचे, गव्हाची खीर शिजवायची, आणि ताकात कालवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या आंबिलाला लसूण-जिऱ्याचे वाटण लावायचे. वीस-पंचवीस माणसांचा हा स्वयंपाक बहुतेक घरांत एक-दोन बायकाच करतात. दुसऱ्या दिवशी पंगतीत सगळे भज्जीचे कौतुक करतात, तेव्हा त्या माउलीला डोळे उघडे ठेवणेही जड जात असते. 29 तारखेला रात्री जेवण झाले की सूप पुढे ओढ आणि शेंगा सोलायला बस. तुरीची शेंग शिवणीवर अंगठ्याने दाबली की उकलते आणि दाणे एका रांगेत बसलेले दिसतात. तासाभरात नखाची कड हिरवी होते आणि बोटांना एक कच्चा, गोडसर वास चढतो, तो दोन दिवस जात नाही. वडिलांनाही बोलाव, ते येतील. शेजारची काकू येईल, तिची नात येईल, आणि गप्पांच्या नादात मध्यरात्र कधी उलटली ते कळणार नाही. या रात्रीचा आनंद तुझ्या घरात दरवर्षी असतो, फक्त आजवर तो तुझ्या वाट्याला आला नाही.

या सणाविषयी मला इतके का वाटते, तेही सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. आमचे घर दगड-मातीच्या जाड भिंतींचे आणि माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे होते. हिवाळ्यात त्या माळवदावर आम्ही ऊन खात बसायचो आणि आई तिथेच बोरे वाळत घालायची. त्या पहाटे ते माळवद खाली आले. आम्ही वाचलो, पण आमच्या गल्लीतली सगळी घरे वाचली नाहीत. त्या वर्षीच्या येळवशीला आम्ही पत्र्याच्या निवाऱ्यात होतो. रानात जायचे की नाही, यावर कोणी काही बोलत नव्हते. पहाटे शेजारच्या निवाऱ्यातल्या मावशी मागून आणलेल्या घागरीत आंबील घेऊन आल्या. त्यांच्या घरातली दोन माणसे गेली होती. आईने घागर हातात घेतली आणि एवढेच म्हणाली, "चला, रान वाट बघत असेल." आम्ही गेलो. कोप चार पेंड्यांची होती आणि भज्जी जवळजवळ नव्हतीच, पण मावशींच्या नातवाने दिवसभर ओंब्या भाजून खाल्ल्या.

तेव्हा 24 तारखेच्या रात्रीच्या एसटीचे तिकीट आजच काढून ठेव, सणाच्या आठवड्यात गाडीला उभे राहायलाही जागा मिळत नाही. अंगात घालायला जाड स्वेटर आण आणि आईसाठी चांगल्या लोकरीची शाल आण. तिची जुनी शाल विरली आहे, हे मी दिवाळीतच पाहिले होते. 30 तारखेला दुपारी मी तुमच्या रानात येईन. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पेंडीचा पलिता, पेटवून पिकाभोवती पळायचे काम आता माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, ते तू कर. मी कोपीपाशी बसून शकुनासाठी ठेवलेल्या दुधाच्या मडक्याकडे लक्ष ठेवीन, आणि ते कोणत्या बाजूने उतू गेले ते तू परत आलास की सांगेन.

तुझे,
सर