ट्रेलरवरची होडी खाडीत उतरवण्याआधी
होडी घेतलीस, छान केलंस! गळ-रीळ राहू दे, आधी ट्रेलरकडे बघ. लांबून ओढून आणली की चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसवलेले मधले भाग, तापलेले असतात. तसेच खाऱ्या पाण्यात बुडवलेस तर ते एकदम गार होतात, आत पाणी ओढलं जातं आणि बेअरिंग गंजतात. हाताला गार लागेपर्यंत थांब. तेवढ्यात होडीच्या तळाचं बूच घट्ट बसव. घरी आल्यावर इंजिनात गोडं पाणी फिरवायचंच, कितीही दमलास तरी.

आणि तिथी बघत जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीत, खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी समोरच्या वाऱ्याला भिडतं, लाटा उभ्या राहतात. छोटी होडी तिकडे न्यायचीच नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढ-उतार थोडा, ओढ कमी, तेव्हा शीक. तांबोशी मासा खडकांच्या कडेला शोध. लाइफ जॅकेट मात्र अंगातच हवं, बाकाखाली नको.