खांबावरचे दिवे मोजण्यात कसलं आलंय करिअर?

देवगडहून एका पोराचं पत्र आलंय. इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, एका कॉन्ट्रॅक्टरकडे इंटर्नशिप. साहेबांनी रोड लाईटची आयईएस फाईल, म्हणजे त्या दिव्याच्या उजेडाच्या मोजमापांची फाईल दिली, "बघून ठेव" म्हणाले, आणि ते आकडे बघून हा गार पडला. वर घरी बाबा म्हणतात महावितरणच्या भरतीची तयारी कर, खांबावरचे दिवे मोजण्यात कसलं आलंय करिअर.

अरे, आधी ती फाईल नोटपॅडमध्ये उघड, साधी टेक्स्ट फाईल आहे ती. वर मॉडेलचं नाव वगैरे, मग टिल्टची ओळ, मग लुमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. लुमेनच्या जागी -१ दिसला तर फाईल बिघडली समजू नको, एलईडीचा अख्खा दिवा एकत्रच मोजतात म्हणून तसं लिहितात. खाली उभे कोन, आडवे कोन आणि मग रांगाच्या रांगा, त्या कँडेलाच्या. ० अंश म्हणजे सरळ खाली, ९० म्हणजे समोर समुद्राच्या रेषेकडे. कुठल्या दिशेला उजेडाचा किती जोर, एवढंच त्यात असतं.

आता वही घे. खांब ८ मीटर, सरळ खाली २००० कँडेला. २००० भागिले ६४ (उंचीचा वर्ग, ८ गुणिले ८), म्हणजे खांबाच्या बुडाशी ३१ लक्स. लक्स म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष पडणारा उजेड. ६० अंशालाही तेवढेच २००० धर, तो उजेड पडतो साधारण १४ मीटरवर, आणि तिथे मिळतात जेमतेम ४ लक्स, कारण अंतर दुप्पट झालं आणि वरून उजेड तिरका पडला. म्हणूनच चांगल्या रोड लाईटचा कर्व्ह, म्हणजे त्या कँडेलांचा आलेख, वटवाघळाच्या पंखांसारखा दोन्ही बाजूंना पसरलेला असतो.

हे न बघता मी नोकरीत असताना एका जेटीच्या रस्त्याला नुसते वॅट बघून दिवे लावले होते. खांबाखाली लख्ख, मधे काळोख, आणि पहाटे डोक्यावर माशांची पाटी घेतलेल्या बायका त्या काळोखात चाचपडत चालायच्या. शिव्या खाल्ल्या, बरोबरच होत्या. १९७० च्या आयएस १९४४ या रस्त्यांच्या दिव्यांच्या भारतीय मानकात ए२ गटाच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य रस्त्याला सरासरी १५ लक्स सांगितलेत पण सोबत किमान भागिले सरासरी ०.४ पण सांगितलंय, म्हणजे सगळ्यात अंधाऱ्या जागी सुद्धा ६ हवेत. हा दुसरा आकडा कोणी बघत नाही.

आणि आपल्याकडे खारा वारा! काचेवर थर बसतो, त्यामुळे मेंटेनन्स फॅक्टर, म्हणजे मळ आणि जुनेपणामुळे उजेड किती उरेल तो आकडा, शहरातल्या कॅटलॉगमधून उचलू नको. वेळाससारख्या, कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्याजवळ काम आलं तर अजून सांभाळून, कासवांची पिल्लं उजेडाकडे वळतात, तिथे वर किंवा समुद्राकडे जाणारे कँडेला आधी बघायचे.

करिअरचं म्हणशील तर दिवे बनवणाऱ्या कंपन्या, लायटिंग कन्सल्टंट, रस्त्यांचे कॉन्ट्रॅक्टर, सगळ्यांना हे वाचता येणारा माणूस लागतो. भरतीची परीक्षा पण दे, बाबांशी भांडू नको, दोन्ही जमतं. महागड्या कोर्सचे पैसे मात्र आत्ता भरू नको. डायलक्स हे उजेडाचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ती फाईल टाकून तुमच्या वाडीचा रस्ता बनव, मग चंद्र नसलेल्या रात्री कॉलेजचा लक्स मीटर मागून घे आणि दोन खांबांमध्ये दर ३ मीटरला खडूच्या खुणा करून रीडिंग घे. मीटर जमिनीवर सपाट ठेव, आणि वाकून बघताना स्वतःची सावली त्यावर पाडू नको, पहिल्या रात्री सगळ्यांचं तेच होतं.