दोन वर्षांसाठी बोलोन्याला राहायला जातोय, शाकाहारी आहे. इटलीतलं खाणं आणि कला बघायला सुरुवात कुठून करू?

क्वाद्रिलातेरोच्या बाजारातून करा. तिथल्या दुकानांत तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी हे सारण भरलेल्या पास्त्याचे दोन प्रकार शेजारीशेजारी मांडलेले दिसतील. लहान तोर्तेल्लिनीत डुकराचं मांस असतं, मोठ्या तोर्तेल्लोनीत बहुधा रिकोत्ता चीज. नाव नीट वाचूनच घ्या. शिवाय, पार्मिजानो रेज्जानो चीज करताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि ते बऱ्याच पदार्थांवर किसून घालतात. तुम्हाला चालत नसेल तर आधीच सांगा.

त्याच गल्ल्यांत सांता मारिया देल्ला व्हीता हे चर्च आहे. आत निकोलो देल्लार्काने १५व्या शतकात भाजक्या मातीत घडवलेला शिल्पसमूह आहे: येशूच्या निष्प्राण देहाभोवती आक्रोश करणारी माणसं. वाऱ्याने मागे उडालेली वस्त्रं, किंकाळीत उघडलेलं तोंड... माझे तर पायच थबकले. फ्लॉरेन्सला धावण्याआधी हे बघाच.

आणि पावसाळी दिवशी सान लुकाच्या टेकडीवर चालत जा. ६६६ कमानींचा छतवाला रस्ता थेट वरपर्यंत नेतो, छत्री लागत नाही.