रिकामी पिकअप फार आदळते; मागचे दोन पाटे काढावेत की एअर बॅग बसवावी?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: गाडी १.७ टन वर्गातली पिकअप, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या गठ्ठ्यात, ९ पाटे. निफाडहून टोमॅटो आणि हंगामात द्राक्षं भरून वाशीला जाते, येताना बहुतेक रिकामी. रिकामी असताना कंबर मोडते. एक मिस्त्री म्हणतो मागचे दोन पाटे काढून टाका, दुसरा म्हणतो एअर बॅग, म्हणजे कमानीच्या मदतीला हवेने फुगवायची रबरी पिशवी, बसवा.

माझ्या मते सध्या दोन्ही नको. पाटे काढण्याचं का नको ते आधी सांगतो, कारण हा सल्ला सगळ्यात स्वस्त आणि म्हणून सगळ्यात जास्त दिला जातो.

समजा रिकाम्या गाडीत मागच्या दोन्ही कमानींवर मिळून ५०० किलो वजन बसतंय आणि त्या दर २५० किलोला १ सेंटिमीटर दबतात. म्हणजे रिकामी गाडी फक्त २० मिलिमीटर दबली. स्प्रिंग सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ते काढायला १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर येतं साधारण ३.५. मोटारकारमध्ये हाच आकडा १ ते १.५ असतो, आणि माणसाच्या शरीराला ४ ते ८ या पट्ट्यातली उभी कंपनं सगळ्यात जास्त त्रास देतात. तुम्ही त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर बसून गाडी चालवताय. तीच गाडी भरली, मागे १९०० किलो आले, की ७६ मिलिमीटर दबते आणि आकडा १.८ वर उतरतो. म्हणून भरलेली गाडी ‘मऊ’ लागते.

आता ९ पैकी २ पाटे काढा. सगळे सारख्या जाडीचे धरले तर कडकपणा २२ टक्क्यांनी घटतो, पण रिकाम्या गाडीचा आकडा ३.५ वरून जेमतेम ३.१ होतो. एवढ्यासाठी काय मोजावं लागतं बघा. तोच माल आता ७ पाट्यांवर, म्हणजे प्रत्येक पाट्यावरचा ताण सुमारे २९ टक्क्यांनी वाढला. भरलेली गाडी आणखी २२ मिलिमीटर खाली बसली, म्हणजे बंप स्टॉप (कमान पूर्ण दबली की चासीला आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) तेवढा जवळ आला. कसारा घाटात ब्रेक मारत उतरताना हे कुठे नेऊन ठेवेल ते वेगळं सांगायला नको. शिवाय कमान बारीक झाल्यावर जुन्या यू-बोल्टचे (कमान जागेवर आवळून धरणाऱ्या U आकाराच्या बोल्टचे) आटे संपतात: नट आट्यांच्या टोकाला जाऊन अडकतो, पान्याला ‘टाइट’ लागतो आणि आत कमान सैलच राहते. मग पाटे मध्यभागी एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कातरला जातो आणि अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. बहुतेक वेळा दोष पाट्यावर ढकलला जातो, दोष असतो नटाचा.

हे गणित कमान नीट सरकते, म्हणजे तिचे पाटे एकमेकांवर घसरतात, असं धरून आहे. तुमची कमान सरकत नसणार, आणि खरी गोम तिथेच आहे. पावसाळ्याचं पाणी आणि चिखल पाट्यांमध्ये जाऊन गंज धरतो. भरलेल्या गाडीचं वजन ते घर्षण मोडून काढतं, रिकाम्या गाडीचं काढत नाही. लहान खड्ड्याला कमान हलतच नाही. सगळा मार फक्त टायर झेलतो. आणि टायरमध्ये हवा असते भरलेल्या मालाच्या हिशोबाची.

म्हणून सुरुवात हवेपासून करा, तिला खर्च नाही. भुईकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी, मग पुढच्या चाकांचंही तसंच. दोन्ही अ‍ॅक्सलचे आकडे हातात असले की दाराजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दिलेला दाब पाळा. पडताळणी सोपी आहे: टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढा, सरळ डांबरी रस्त्यावर शंभरेक मीटर जा आणि बघा. फक्त मधली रेघ पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडा पुसल्या आणि मध्य राहिला तर कमी. वाशीला माल उतरवल्यावर हवा कमी करायची तर परत भरताना वाढवायची आठवण हवी. कमी हवेवर भरलेली गाडी समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर वेगाने नेली तर टायर तापून फुटतो. ही आठवण राहणार नसेल तर हवा भरलेल्या मालाचीच ठेवा. आदळणं परवडतं, टायर फुटणं नाही.

पुढचं काम ‘आदळणं’ नक्की कसलं आहे ते ओळखण्याचं. थरथर, उड्या आणि कडकपणा असेल तर गोष्ट घर्षणाची, हवेची आणि शॉकअपची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची). ‘धाड’ असा एकच आवाज येत असेल तर कमान बंप स्टॉपला भिडतेय किंवा बुश (कमानीच्या टोकांच्या भोकांतली रबरं) गेलेत. बंप स्टॉपच्या रबराला ओल्या मातीचा गोळा चिकटवून नेहमीच्या रस्त्याने फेरी मारा. गोळा चपटा झाला असेल तर कमान बसलेली, म्हणजे वाक जाऊन सपाट झालेली, आहे. कमानीत सर्वांत खाली जाड, जवळपास सपाट हेल्पर पाटे असतील तर रिकाम्या गाडीत ते वरच्या पाट्यांपासून सुटे दिसायला हवेत. वरचे पाटे बसले की हेल्पर रिकामी असतानाच भिडतात आणि गाडी दगडासारखी होते. अशी कमान हातोड्याने ठोकून पुन्हा वाकवून मिळते, पण ती लवकर परत बसते. त्यापेक्षा गाडीच्या चासी नंबरप्रमाणे नवीन कमान घ्या.

कमान बसलेली नसेल, नुसती गंजलेली असेल, तर ती उतरवून खोला. हे काम पावसाळा संपल्यावर दरवर्षी केलं तर आणखी बरं. चासीखाली पक्के स्टँड लावा, अ‍ॅक्सलला वेगळा जॅक. कमान खाली आली की सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन मजबूत सी-क्लॅम्प लावून ती आवळा. पाटे एकमेकांवर ताण ठेवून बसवलेले असतात. क्लॅम्पशिवाय बोल्ट सोडला तर उसळून हात मोडतो. पाट्यांना खडूने नंबर घाला. वायर ब्रशने गंज काढा. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि आखूड पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्याला घासतं तिथे भेग आहे का बघा. भेग असलेला पाटा वेल्ड करू नका. उष्णतेने पाट्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) जातं आणि तो वेल्डच्या शेजारीच तुटतो. आखूड पाट्यांच्या टोकांच्या धारदार कडा ग्राइंडरने गोल करा, कारण त्याच कडा वरच्या पाट्यात रुततात. मूळ कमानीत टोकांना नायलॉनचे पॅड असतील तर ते नवे टाका.

मग ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमचा कोरडा लेप, पातळ. साधं चासी ग्रीस धूळ धरतं आणि महिन्याभरात पाट्यांमध्ये पॉलिश पेपर ठेवल्यासारखं होतं. जळकं इंजिन ऑइल मारायची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने धूळ तर बसतेच, वर रबरी बुशही फुगून जातात.

बसवताना यू-बोल्ट आणि नट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरून ठेवत नाही. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात बसलंय हे हाताने चाचपा. चारही नट तिरपे, आलटून-पालटून, तीन टप्प्यांत मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत न्या. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा टॉर्क तपासा. सैल निघाला तर नवल नाही.

एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकते. कमानीच्या कानाचे (टोकाच्या वळवलेल्या भोकाचे) आणि शॅकलचे (कमानीचं एक टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळले जातात. रबरी बुशची आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि कमान हलते तेव्हा रबर पिळतं. चाकं लटकत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर येताक्षणी रबर पिळलेलंच राहतं: गाडी उंच आणि कडक लागते आणि बुश लवकर फाटतो. ते बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, हलवून घ्या, मग आवळा.

शॉकअपकडे आता वळायचं, आधी नाही. गंजलेली कमान स्वतःच झटके अडवते, म्हणून गेलेला शॉकअप लपून राहतो. कमान मोकळी झाली की गाडी डुलायला लागते आणि ग्राहक मिस्त्रीला शिव्या देतो. वीसेक किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून दोन्ही मागच्या शॉकअपना हात लावा. एक गरम आणि एक गार असेल तर गार असलेला काम करत नाही. तेल झिरपलं असेल तर तपासायची गरजच नाही. जोडीनेच बदला. ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकले जाणारे कडक शॉकअप तुमच्या कामाला उलटे पडतील. कंपनीच्या मापाचे गॅसचे घ्या, गॅब्रिएल किंवा तशाच नावाचे. पूर्ण दबलेली आणि पूर्ण ताणलेली लांबी जुन्याशी जुळवा. शॉकअप बंप स्टॉपच्या आधी तळाला लागला तर त्याची माउंटिंग तुटते.

पुढच्या पाट्यांना हात लावू नका, सर्व्हिस सोडून. पुढे पाटा काढला की ब्रेक लावताना अ‍ॅक्सल पिळतो आणि प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग हातात फिरतं.

मागची उंची कशानेही बदलली, मग ती नवी कमान असो वा लांब शॅकल, तर ब्रेकचा एलएसपीव्ही तपासून घ्या. मागच्या अ‍ॅक्सलला सळीने जोडलेला हा व्हॉल्व्ह चासी आणि अ‍ॅक्सलमधल्या अंतरावरून गाडी भरली की रिकामी ते ठरवतो. मागची बाजू वर उचलली तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी जातो. खाली बसली तर उलट: रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होतात. हीच काळजी लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) विकणारे सांगत नाहीत.

ड्रायव्हरच्या पाठीसाठी दोन स्वस्त जागा राहतात, केबिन माउंटिंगची रबरं आणि सीटचा फोम. माउंटिंगची रबरं चिरलेली असतात आणि कुणी खाली वाकून बघत नाही.

टोमॅटो-द्राक्षांबद्दल: क्रेटच्या थप्पीत सगळ्यात वरच्या थराला आणि हौद्यात अ‍ॅक्सलच्या मागे टोकाला सगळ्यात जास्त हादरे बसतात. अर्धा भार असेल तर तो केबिनकडे सरकवून बांधा, थप्पी बुटकी ठेवा. द्राक्षाचे मणी गळतात ते बऱ्याचदा वरच्याच क्रेटमधले असतात.

एअर बॅग शेवटी, कारण ती वेगळ्या दुखण्याचं औषध आहे. भरलेली गाडी मागे बसत असेल तर बॅग ती सपाट करते. रिकाम्या गाडीत ती फक्त कमानीला मदत करते, म्हणजे झालाच तर कडकपणा वाढवते. बॅगच्या भरवशावर मूळ पाटे कमी करायचे, ही कल्पना कागदावर चांगली दिसते, पण बॅग घाटात फाटली तर खाली उरतात अपुरे पाटे आणि वर पूर्ण माल. बॅगने वा जादा पाट्याने आरसीवरचं वजनही वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि व्यापारी गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, नंतर दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं.

एवढं सगळं करूनही रिकामी गाडी नको तेवढी कडक वाटली, तर पॅराबोलिक कमान बघा. तिच्यात पाटे कमी, प्रत्येक पाटा मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळता, आणि ते फक्त मध्ये व टोकांना टेकतात, म्हणून घर्षण फार कमी. अट एकच: तुमच्याच मॉडेलच्या अ‍ॅक्सल वजनासाठी बनवलेली, कंपनीची किंवा जमना ऑटोसारख्या पाटे बनवणाऱ्याची हवी. घर्षण नसल्यामुळे तिच्यासोबत शॉकअप नवे घालणं भागच आहे. लोकल भट्टीवर ‘पॅराबोलिक करून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.